बायकोसाठी पहिली गाडी घेताय? आधी तिचे पाय जमिनीला टेकतात का ते पाहा

जून जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक विषय हमखास निघतो. मुलांच्या शाळा सुरू होणार, रिक्षावाल्या मामांनी महिन्याचे पैसे वाढवलेले, अब्बू सकाळी सातलाच कारखान्यावर किंवा दुकानावर गेलेले, आणि अम्मी म्हणते, मला एकदाची गाडी शिकून घेऊ द्या. कुणाला आठ-दहा किलोमीटरवरच्या उर्दू शाळेत नोकरी लागलेली असते. कुणी आशा सेविका असते, कुणी घरी शिलाई करून माल पोचवत असते. कोकणात म्हसळा, श्रीवर्धन, खेडच्या बाजूला तर अर्ध्या घरांतले पुरुष कुवेत-दोहाला. तिथे बँक, बाजार, दवाखाना, सासूबाईंची औषधं हे सगळं घरातल्या बाईलाच बघावं लागतं आणि एसटीची वाट बघण्यात तिचा दिवस जातो.

गाडी घ्यायची हे घरात ठरतं तोपर्यंत सगळं ठीक असतं. गडबड पुढे होते. शौहर, दीर आणि शौहरचा एक ‘गाड्यांतलं कळणारा’ दोस्त असे तिघं शोरूममध्ये जातात. इंजिन किती सीसीचं, पिकअप कसा, रंग कोणता, यावर तासभर बोलणं होतं. जिला ती चालवायची आहे ती घरी असते. किंवा सोबत असली तरी सोफ्यावर बसून चहा पीत असते. आम्हाला वाटतं, इथेच उलटं व्हायला हवं. तिने एकेका गाडीवर बसावं, स्टँडवरून उतरवावी, ढकलावी, आणि बाकीच्यांनी चहा प्यावा.

नव्याने शिकणाऱ्या माणसासाठी गाडी निवडणं आणि वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याने स्वतःसाठी निवडणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अनुभवी माणूस गाडी पळताना कशी आहे ते बघतो. नवशिक्याची गाडी पळताना फारशी पडतच नाही. ती पडते थांबताना, वळवताना, गल्लीत मागे घेताना, चढावर सिग्नलला उभं राहताना. म्हणून या लेखात इंजिनाची ताकद फारशी येणार नाही.

आधी सायकलचा प्रश्न

तिला सायकल येते का, हे पहिलं विचारा. आपल्याकडे कितीतरी मुलींची सायकल सातवी-आठवीत सुटते आणि बऱ्याच जणींना ती मिळालेलीच नसते. सायकल येत असेल तर तोल सांभाळणं अर्धंअधिक शिकून झालेलं असतं. येत नसेल तर शोरूमला जायची घाई करू नका. आठ-पंधरा दिवस मुलाची जुनी सायकल घ्या, सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील, आणि पायाने ढकलत ढकलत तोल येऊ द्या. वय पस्तीस असो की पंचेचाळीस, हे जमतं. शंभर किलोच्या गाडीवर तोल शिकण्यापेक्षा पंधरा किलोच्या सायकलवर शिकणं केव्हाही बरं. पडलंच तर गुडघा खरचटतो, इतकंच.

गियरची की बिनगियरची?

बहुतेक घरांत ‘बाईमाणसाला स्कूटर’ असं ठरलेलंच असतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण ते कारण देऊन नाही. शहरात, मुलांना शाळेत सोडायला, बाजारहाटाला बिनगियरची स्कूटर सोयीची असते ती क्लच आणि गियरचं गणित नसल्यामुळे. नवशिक्याचं लक्ष रस्त्यावर राहतं. बसायला पाय उंच उचलून टाकावा लागत नाही, समोर पाय ठेवायला सपाट जागा असते, सीटखाली पिशवी मावते.

मात्र स्कूटरचा एक धोका शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मोटारसायकलवर घाबरून काहीही झालं तरी डाव्या हाताने क्लच दाबला की इंजिनाची ओढ तुटते. स्कूटरला तो क्लचच हातात नसतो. नवशिकी बाई दचकली की शरीर मागे जातं, मनगट खाली वाकतं आणि ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. गाडी थांबायच्या ऐवजी उसळून पुढे जाते. गेटावर, भिंतीवर, उभ्या रिक्षावर ज्या स्कूटर आपटतात त्यातल्या कितीतरी अशाच. त्यावर उपाय दोन. एक, पहिल्या दिवसापासून सवय लावायची की आधी मूठ पुढे फिरवून सोडायची, मग ब्रेक. दुसरा, गाडी ढकलताना, वळवून लावताना किंवा नुसती धरून उभं असताना इंजिन बंदच ठेवायचं. चालू स्कूटर हातात धरून गल्लीत वळवणं हे शिकलेल्या माणसांनीही करू नये.

आता मोटारसायकल कुणी घ्यावी? जिचा रोजचा रस्ता गावाकडचा आहे, खड्डे, मुरूम, पावसात चिखल, तिने मोटारसायकलचा विचार जरूर करावा. कारण चाकात आहे. हिरो स्प्लेंडरचं चाक १८ इंची असतं. ॲक्टिव्हाचं पुढचं १२ आणि मागचं १० इंची. लहान चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं, मोठं चाक त्यावरून निघून जातं. मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात हा फरक एका दिवसात कळतो. पेट्रोलही मोटारसायकल कमी पिते. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्या शिक्षिकेला महिन्याच्या हिशेबात तो फरक दिसेल.

मोटारसायकल घ्यायची तर ९७ ते ११० सीसीच्या पलीकडे जाऊ नका. आणि घरात पडलेली नवऱ्याची जुनी १५० सीसी गाडी ‘तूच वापर आता, मी नवी घेतो’ म्हणून तिच्या गळ्यात घालू नका. ही गोष्ट आपल्याकडे फार चालते. ती गाडी तिच्या मापाची नसते, क्लच झिजलेला असतो, आणि आठवड्यात दोनदा पडल्यावर बाई म्हणते, मला नाही जमणार. मग घरात कायमचं ठरून जातं की हिला गाडी जमत नाही. खरं तर तिला ती गाडी जमली नव्हती.

दोन्हींच्या मधली एक गाडी शहरातले लोक विसरतात. टीव्हीएसची एक्सएल १०० ही मोपेड. चाकं १६ इंची, वजनाला ९० किलोच्या आसपास, हाताने क्लच नाही, गियर नाहीत, पाय उंच टाकावा लागत नाही. दिसायला साधी आहे हे खरं. पण लहान गावात, भाजीची पोती आणि दुधाच्या कॅन्या वाहणारी माणसं ती उगाच वापरत नाहीत. आपल्या आधीच्या पिढीत १९७२ साली आलेल्या लूनाने हेच काम केलं होतं, आणि ती बनवणारी कंपनी पुण्याची होती.

उंची आणि वजन: इथे वेळ द्या

शोरूमला जाण्याआधी घरी एक माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड वही पायांच्या मधून वर अगदी घट्ट धरायची, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायचं. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीला हे माप साधारण ७० सेंटिमीटर येतं.

आता गाड्यांची सीट किती उंच असते पाहा. ॲक्टिव्हा ११० ची सीट ७६४ मिलिमीटर, म्हणजे ७६ सेंटिमीटरहून थोडी जास्त. स्प्लेंडर प्लस ७८५, होंडा शाइन १०० ही ७८६, यामाहा फॅसिनो १२५ ही ७८०, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ही ८०५. म्हणजे पाच फुटी बाईला यातली कुठलीच गाडी तळवे टेकवून देत नाही. घाबरायचं कारण नाही. बसल्यावर सीट थोडी दबते, पुढे सरकून बसलं की पाय आणखी खाली पोचतात. कसोटी एवढीच ठेवा, दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीवर घट्ट बसले पाहिजेत. फक्त अंगठ्याची टोकं टेकत असतील तर ती गाडी सोडून द्या. एक पाय टेकवायला गाडी वाकवावी लागत असेल तरी सोडून द्या.

आकड्यांवर सगळं सोपवूही नका. स्कूटरची सीट रुंद असते, पाय ठेवायची पाटीही बाहेर आलेली असते, त्यामुळे पाय फाकतात आणि उंची वाया जाते. मोटारसायकल कागदावर वीस मिलिमीटर उंच, पण पेट्रोलच्या टाकीजवळ तिची सीट निमुळती असते, त्यामुळे काहींना तीच जास्त टेकते. म्हणून बसूनच बघायला हवं, आणि रोज घालायच्या चपला-बुटांवर बसून बघायला हवं. अगदी एखादा इंच कमी पडत असेल तर चांगल्या सीटवाल्याकडून फोम थोडा कमी करून घेता येतो, खर्च फार नाही. शॉकअब छोटे करून गाडी खाली आणण्याच्या भानगडीत पडू नका.

वजनाचंही तसंच. ॲक्टिव्हा साधारण १०५ किलो, स्प्लेंडर ११२, शाइन १०० आणि फॅसिनो ९९. १५० सीसीच्या पुढच्या मोटारसायकली दीडशे किलोच्या घरात जातात आणि क्लासिक ३५० तर १९५ किलो. मॉडेल बदललं की हे आकडे थोडे हलतात, त्यामुळे शोरूममध्ये माहितीपत्रक मागून घ्या. पण कागद वाचण्याआधी तिला चार गोष्टी करायला सांगा. मेन स्टँडवरून गाडी उतरवून परत चढवणे. इंजिन बंद ठेवून दहा पावलं पुढे ढकलणे. सीटवर बसून पायाने गाडी मागे घेणे. हँडल पूर्ण वळवून उभं राहणे. मदत न घेता या चारही जमल्या, तर ती गाडी तिची. सेल्समन म्हणेल, ‘भाभी, सवय होईल.’ बाकी गोष्टींची होते, पण रोज रात्री अरुंद बोळात गाडी मागे घेताना तो सेल्समन नसणार. भिवंडी-मालेगावच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

मेन स्टँड ताकदीवर लागत नाही, पायाच्या दाबावर लागतो, हेही एकदा दाखवून द्या. स्टँडच्या दांड्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं आणि गाडीला फक्त हाताने दिशा द्यायची. ओढायची नाही. ही युक्ती न कळल्यामुळे कितीतरी जणींची कमर धरते.

ब्रेकबद्दल थोडक्यात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान सीबीएस असतंच, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. स्कूटरला तो डाव्या हाताला असतो, मोटारसायकलला उजव्या पायाला. त्याच्या आधीची जुनी गाडी घेत असाल तर हे नसेल, आणि नवशिक्यासाठी ही मोठी उणीव आहे. साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू न होणारी सोयही बघून घ्या, नव्या बऱ्याच गाड्यांत ती असते.

बुरखा, ओढणी आणि हेल्मेट

याबद्दल घरात कुजबुज होते, पण शोरूममध्ये कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण प्रश्न जिवाचा आहे. मागच्या चाकात ओढणी किंवा बुरख्याचा घेर अडकून गळा आवळला जाणं, बाई मागे खेचली जाणं, असे अपघात आपण ऐकत आलो आहोत.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम याच कारणासाठी आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे अडकणार नाहीत, असं तो सांगतो. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हेही त्याच नियमात आहे. काही तरुण दिसायला बरं नाही म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. जुनी गाडी घेताना तो जागेवर आहे का बघा. मोटारसायकलला चेन पूर्ण झाकलेली असावी. स्कूटरमध्ये चेन उघडी नसतेच, पट्टा आत बंद असतो, म्हणून लांब कपडे घालणारीला स्कूटर जास्त सुरक्षित.

चालवणारीने घ्यायची काळजी वेगळी. जमिनीपर्यंत लोळणारा घेर गाडीवर नको. घोट्याच्या थोडा वर राहणारा, समोरून बटणं किंवा चेन असलेला अबाया आणि खाली सलवार, असं केलं तर मोटारसायकलवरही दोन्ही बाजूंना पाय टाकून नीट बसता येतं. बसल्यावर मागचा घेर मांडीखाली घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. ओढणी असेल तर दोन्ही टोकं आत खोचलेली किंवा कमरेला बांधलेली. बाह्या मनगटाला घट्ट हव्यात, सैल बाही ब्रेकच्या दांड्यात अडकते. हीच काळजी मागे बसणाऱ्या सासूबाईंनाही लागू, उलट त्या एका बाजूला बसत असतील तर जास्तच.

हेल्मेट घेताना स्कार्फ बांधूनच मापून घ्या. डोक्याचा घेर कपाळावरून टेपने मोजायचा. हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे मिलिमीटरमधले आकडे असतात. स्कार्फच्या कापडाने माप एखाद्या नंबराने वाढू शकतं. साटनचा गुळगुळीत स्कार्फ नको, त्यावर हेल्मेट घसरतं. सुती किंवा बनियनच्या कापडाचा पातळ असावा. मागे मोठी गाठ किंवा उंच अंबाडा असेल तर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि भुवयांवर येतं. आणि हेल्मेटखाली टाचण्या अजिबात नकोत. मोत्याच्या डोक्याच्या ज्या पिना आपण सर्रास लावतो, त्या डोक्यावर आपटल्यावर कुठे जातील याचा विचार करा.

नकाब वापरणारीने डोळ्यांची फट रुंद ठेवावी. आरशात बघताना आणि वळताना नजर बाजूला गेली पाहिजे, कापडाची कड मध्ये येता कामा नये. तोंडावर कापड आणि वर बंद काच असली की पावसात आणि थंडीत काचेवर वाफ धरते, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवायची. पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट की दोन बोटं जेमतेम जातील. आयएसआय खुणेशिवायचं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून देशात बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळतंच. दोनशे रुपयांची ती टोपली घेऊ नका.

इलेक्ट्रिक घ्यावी का?

घराखाली स्वतःची चार्जिंगची जागा असेल आणि रोजचा पल्ला ठरलेला असेल तर चांगली. चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि पार्किंगमध्ये वीज नसेल, तर बॅटरी काढून वर नेता येणारी गाडीच बघा, आणि ती बॅटरी तिला उचलते का हेही बघा. शिकताना एक सांभाळा, या गाड्या आवाज न करता चालू असतात आणि मूठ पिळताच जोर देतात. सुरुवातीला सगळ्यात हळू मोडवरच ठेवा. २५० वॅटच्या आतल्या मोटरच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीला लायसन्स आणि नंबर लागत नाही, पण तेवढ्यासाठी ती घेऊ नका. मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे २५ च्या वेगाने जाणं काही सुखाचं नाही.

गाडी कुणाच्या नावावर?

तिच्या. यावर आमचं मत ठाम आहे, आणि त्यात मानापानापेक्षा विम्याचा भाग मोठा आहे.

नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. हा विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देतो. आपली गाडी स्वतःच घसरली आणि चालवणाऱ्यालाच लागलं, तर थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. त्यासाठी १५ लाखांचा ‘मालक-चालक’ अपघात विमा असतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर तो मिळतो. आता त्याचं नाव नीट वाचा. जो मालक आहे आणि जो चालवतही आहे, त्याच्यासाठी तो आहे, आणि त्याच्याकडे लायसन्स असलं पाहिजे. गाडी नवऱ्याच्या नावावर, चालवते बायको, आणि अपघात तिला झाला, तर त्या पॉलिसीत ती बसत नाही. वर्षानुवर्षं हप्ता भरलेला असतो तो न चालवणाऱ्याच्या नावावर.

आखातात राहणाऱ्यांनी तर हे आणखी लक्षात घ्यावं. गाडी मियाँच्या नावावर असेल तर विकताना, नाव बदलताना, क्लेम करताना सही त्याचीच लागते, आणि तो वर्षातून एकदा येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी लायसन्स, मग गाडी. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधार कार्डावर घरबसल्या ऑनलाइन देता येते. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. बिनगियरचं घेतलं तर फक्त बिनगियरची गाडी चालवता येते. गियरचं घेतलं तर दोन्ही. जिला पुढे कधी मोटारसायकल लागू शकते तिने शक्य असेल तर गियरचीच टेस्ट द्यावी, चार दिवस जास्त लागतील. विम्याच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव घातलंय तेही वाचून सही करा. एजंट कधी कधी ती जागा स्वतःच्या मनाने भरतो.

पैशांबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे साध्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. व्याज नको म्हणून बरीच घरं भिशी लावून, दागिन्यांतून किंवा नातेवाइकांकडून हातउसने घेऊन रोखीने घेतात. अशांना शोरूमवाले ‘फायनान्स केलं तर लगेच गाडी’ म्हणून फार गळ घालतात. ठाम राहा, आणि हँडलिंग चार्ज नावाची कुठली रक्कम बिलात असेल तर ती कशाची आहे ते लेखी विचारा.

रोख कमी पडत असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली स्कूटर वाईट नाही. पहिल्या वर्षात दोन-चार ओरखडे पडणारच आहेत, ते जुनीवर पडले तर जीव हळहळत नाही. फक्त २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच दिवशी भरून घ्या, आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म मागा, आणि विमा १४ दिवसांच्या आत तिच्या नावावर करायला अर्ज द्या. ‘कागदं नंतर बघू भाई’ असं म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नका, मग तो जमातीतला का असेना.

शिकवायचं कुणी?

नवऱ्याने शिकवू नये, असं आम्ही म्हटलं तर हसाल. पण मागे बसून ‘ब्रेक, अगं ब्रेक!’ ओरडणारा नवरा असला की बाई रस्ता सोडून त्याच्याकडे लक्ष देते. जमत असेल तर गाडी येणारी नणंद, मावशी, शेजारीण किंवा बायकांनीच चालवलेला क्लास बघा. बऱ्याच शहरांत असे क्लास आहेत. शौहरनेच शिकवायचं ठरलं तर त्याने मागे न बसता बाजूला उभं राहावं.

ईदगाहचं मैदान वर्षातले बहुतेक दिवस रिकामं असतं, पहाटे फज्रनंतर तिथे कुणी नसतं. पहिले दोन दिवस इंजिन बंद, फक्त ढकलणं, स्टँड आणि ब्रेक. तिसऱ्या दिवशी चालू करून पाय खाली लोंबकळत ठेवून हळूहळू जाणं आणि थांबणं. शंभर वेळा थांबणं. मग मोठं वळण, मग लहान, मग आठचा आकडा, कारण आरटीओत तोच काढायला लावतात आणि पाय टेकला की नापास करतात. पंधरा दिवसांनी गल्ली, महिन्याने बाजार. घाट, हायवे आणि रात्र यांना घाई नाही.

शिकाऊ लायसन्सवर मागे कुणाला बसवता येत नाही, शिकवणारा पक्क्या लायसन्सचा माणूस सोडून. म्हणजे मुलांना शाळेत सोडणं जूनमध्ये हवं असेल तर शिकायला एप्रिलमध्ये लागावं लागतं. आणि लेकरू चार वर्षांच्या आतलं असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ४० च्या आत ठेवावा लागतो. २०२३ पासून हा नियम आहे. स्कूटरच्या पुढे पाटीवर उभं केलेलं पोर, आपल्याकडे रोज दिसणारं, यात कुठेच बसत नाही. ते पोर ब्रेक लागला की सरळ हँडलवर आपटतं. पट्टा बाजारात मिळतो, गाडीच्या पहिल्या सर्व्हिसपेक्षा आधी तो आणून ठेवा.